मार्केटिंगवाल्याला जेवायला घातलं

माझे सासरे तांडेल होते, म्हणजे बोटीचे कप्तान. तीस वर्षं त्यांनी बोटीवर माणसं घेतली आणि सगळी एकाच पद्धतीने घेतली. खलाशी म्हणून काम मागायला कोणी आला की त्याला काही विचारायचं नाही, सरळ जेवायला बसवायचं. ताटात मुद्दाम काटेरी मासा वाढायचा आणि आपण समोर बसून बघत राहायचं. काटे घाईघाईने गिळणारा नको, तो जाळंही घाईने ओढणार. काटे ताटाबाहेर टाकणारा नको, तो बोटीवर घाण करणार. जेवताना दुसऱ्या तांडेलाची निंदा करणारा तर मुळीच नको. "बोलताना माणूस सोंग करील, जेवताना नाय करणार," असं बाबा म्हणायचे. त्यांचा अंदाज आयुष्यात एकदाच चुकला होता, आणि त्या दिवशी तो खलाशी तापाने फणफणलेला होता म्हणून तो धरायचा नाही, असंही तेच म्हणायचे.

हे बोटीपुरतं राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण २०१७ साली त्यांनी याच पद्धतीने माझ्या धंद्याला मार्केटिंगवाला निवडला.

धंदा सुक्या मासळीचा. त्याआधी नऊ वर्षं मी तारापूरला एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगच्या लाइनवर होते. गोळ्यांची पाकिटं समोरून सरकत यायची आणि मी ती तपासून खोक्यात भरायची. आठ तास उभ्याने. पायांत गोळे यायचे, आणि झोपेतसुद्धा माझे हात खोकी बंद करत असायचे असं नवरा सांगायचा. तोही त्याच कंपनीत, पण दुसऱ्या खात्यात. चिंचणीला आमच्या मागच्या अंगणात बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत असायचे आणि मी त्यांच्याकडे बघत कंपनीच्या बसला पळायची. सासूबाई होत्या तोवर त्या टोपली घेऊन तलासरीच्या आठवडी बाजारात बसायच्या. त्या गेल्यावर ती जागा तशीच राहिली होती. माझ्या मनात यायचं, तिथे आपण बसावं. पण टोपली घेऊन नाही. बोंबलाची डोकी-शेपट्या काढून, जवळा निवडून, स्वच्छ पाकिटांत भरून. पाकिटं भरणं तर मला झोपेतही येत होतं, त्याला नवरा साक्षीदार होता.

हिंमत मात्र होत नव्हती. पगार दर महिन्याला येतो, बोंबील काही दर महिन्याला विकला जाईलच असं नाही. शेवटी २०१६ च्या दिवाळीनंतर एक दिवस नवरा कामावरून आला आणि चपला काढता काढता म्हणाला, "सुपरवायझरशी बोललोय. जूनपर्यंत तुझी जागा ठेवतो बोलला. आगोटीपर्यंत करून बघ. नाय जमलं तर परत लाइनवर."

आगोट म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरचे दिवस. बोटी बंद व्हायच्या असतात, म्हणून घराघरांत सुकी मासळी भरून ठेवतात. वर्षाची खरी विक्री तेव्हाच. म्हणजे माझ्या हातात सहा-सात महिने होते. आगोटीला पाकिटं गेली तर मी धंदेवाली, नाही गेली तर पुन्हा ती लाइन, ती खोकी आणि ते पायांतले गोळे. मी दुसऱ्याच दिवशी राजीनामा लिहून नवऱ्याच्या हाती पाठवला. आणि त्या दिवसापासून कंपनीची बस दिसली की मी तोंड फिरवायला लागले.

पाकिटं गेली नाहीत. तलासरीच्या बाजारातली बाई सुकी मासळी कशी घेते? मूठ भरून उचलते, दाबते, नाकाशी नेते, एक जवळा तोंडात टाकते, तोंड वाकडं करते आणि मग घेते. माझ्या पाकिटाशी यातलं काहीच करता येत नव्हतं. एका आजींनी पाकीट उलटंसुलटं करून विचारलं, "बंद कशाला केलंस? आत काय लपवलंस?" मी उघडून दाखवलं. त्यांनी मूठ भरली, दाबली, वास घेतला, एक जवळा तोंडात टाकला आणि शेजारच्या टोपलीवालीकडे गेल्या. संध्याकाळपर्यंत माझी सगळी पाकिटं उघडी झाली होती. मी ती शेवटी टोपलीत ओतून विकली. एवढं करायला नऊ वर्षांची नोकरी सोडली होती.

"मार्केटिंग पाहिजे," नवरा म्हणाला. त्याच्या खात्यातल्या कोणाच्या तरी मेहुण्याने पापडाच्या धंद्याला माणूस लावला होता आणि म्हणे पापड पार पुण्यापर्यंत गेले. आम्ही तीन माणसांना निरोप धाडले. एक मुंबईचा, इंटरनेटवर सापडलेला. एक वापीचा, बचत गटाच्या शिबिरात ज्याचं कार्ड मिळालं होतं तो. आणि एक डहाणूचा, ज्याचे फ्लेक्स साऱ्या तालुक्यात लागायचे. कोणाला काय विचारायचं हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. बाबांना माहीत होतं. ते म्हणाले, "जेवायला बोलव."

मुंबईचा पहिला आला. वयाने तिशीचा, गाडी गार हवेची, पायात मोजे. कार्डावर लिहिलं होतं तो ब्रँडची गोष्ट सांगतो. बाबांनी कार्ड लांब धरून वाचलं आणि मला हळूच विचारलं, "कीर्तनकार हाय काय?"

त्या दिवशी पाहुणा येणार म्हणून बाबांनी टेरीकॉटची पँट आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता, मनगटावर घड्याळ. मुंबईकराला ते आवडलं नाही. त्याला कमरेला रुमाल गुंडाळलेला, उघडा, जाळं खांद्यावर टाकलेला म्हातारा हवा होता. "अंकल, चष्मा आणि घड्याळ जरा काढाल?" बाबा म्हणाले, "घड्याळ काढलं तर भरती किती वाजता ते तू सांगणार?" मग त्याने पाकिटाला एक इंग्रजी नाव सुचवलं. अर्थ विचारला तर म्हणाला, समुद्राची कुजबुज. बाबांनी मागच्या अंगणातल्या वलांड्यांकडे बघितलं. "बोंबील कुजबुजतो काय कधी?"

पानं वाढली. मुंबईकर उभा राहून पानाचे फोटो काढत होता. खुर्चीवर चढून काढले, वाकून काढले, कालवण गार होईस्तोवर काढले. मग बसला आणि मला म्हणाला, "यात बोनलेस काही आहे का?" बाबा उठून हात धुवायला गेले. निकाल लागला होता.

दुसरा वापीचा. पन्नाशीचे गृहस्थ, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, स्कूटरवर आले. त्यांनी आधी फरसाण, झाडू आणि प्लॅस्टिकच्या बादल्या खपवायला मदत केली होती, आणि बादल्यांबद्दल ते फार अभिमानाने बोलायचे. फाटकातून आत शिरतानाच त्यांनी खिशातून रुमाल काढून नाकावर धरला. मी ते पाहिलं आणि माझं टाळकं सरकलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वारा कुठून येते?"

बाबांचा चेहरा उजळला. आल्या आल्या वारा विचारणारा माणूस! त्यांनी हात करून दाखवलं. ते गृहस्थ मान डोलावून वाऱ्याच्या बाजूला, वलांड्यांपासून सगळ्यात लांब, नारळाखाली जाऊन बसले. आणि स्टीलचा डबा उघडून त्यांनी थेपले काढले.

"बेन, वाईट नका मानू," ते मला म्हणाले. "मी खात नाय. तुमचा माल मी जिंदगीत तोंडात घालणार नाय. पण विकायला मदत करेन."

"न खाता?"

"मी झाडू पण खात नव्हतो."

मग त्यांनी विचारलं, "तुमचा माल कोण घेते?" मी म्हटलं, सगळेच घेतात. "सगळे म्हणजे कोण नाय. मागच्या बाजारात घेतलं त्यातली पाच माणसं सांगा. कुठे राहते, घरी किती माणसं, चूल का गॅस, किती दिवसांनी परत येते." मला एकसुद्धा सांगता येईना. माझा माल, माझा बाजार, आणि नाकाला रुमाल लावलेला माणूस मला नापास करत होता! मी म्हटलं, "तुम्हाला वासच सहन होत नाही, तुम्ही काय विकणार?" ते हसले, डबा बंद केला आणि म्हणाले, "पाच माणसं सापडली तर फोन करा." बाबांचं म्हणणं साधं होतं. जो जेवलाच नाही त्याला घ्यायचं कसं? यात माझंही मत तेच पडलं, हे मी कबूल करते. बाबांची पद्धत होती, माझा नुसता राग होता.

तिसऱ्याने, म्हणजे डहाणूच्या फ्लेक्सवाल्याने, आमचं घर जिंकलं. मांडी घालून बसला. रस्सा भाकरीला नीट लावून, आवाज न करता जेवला. काट्यांचा मासा त्याने असा सोडवला की मधला कणा अख्खा उचलला गेला. बाकीचे काटे ताटाच्या कडेला ओळीने, लहानापासून मोठ्यापर्यंत. कोणाची निंदा नाही. डोकं चोखलं, दुसऱ्यांदा मागितलं, तिसऱ्यांदा बाबांनी न मागता वाढलं. शेवटी ढेकर देऊन तो म्हणाला, "बाबा, मार्केटिंगला दुसरं काय नाय लागत. तुमचा चेहराच ब्रँड हाय."

बाबांचा इतका आनंदलेला चेहरा मी माझ्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

महिन्याभरात तलासरीला हायवेच्या कडेला आमचा फ्लेक्स लागला. वर बाबा, टेरीकॉटच्या शर्टात, चष्मा-घड्याळासकट. खाली तोंड वासलेला बोंबील, बाबांच्या दुप्पट. बाजूला माझा फोन नंबर. काम झकास होतं, नाही म्हणायची सोय नाही. फक्त फ्लेक्स लागला होता एका शुद्ध शाकाहारी हॉटेलच्या समोर, जिथे गुजरातकडे जाणाऱ्या आणि तिकडून येणाऱ्या यात्रेच्या बस चहाला थांबतात. फ्लेक्सवाल्याला विचारलं तर म्हणाला, "ताई, पब्लिक बघा ना किती आहे!" पब्लिक होतंच. फोनही येऊ लागले. पहिल्या बाईंनी मला सांगितलं, "बेन, मारा छोकराए खावानुं मूकी दीधुं," म्हणजे त्यांच्या मुलाने जेवणच टाकलं होतं. मी त्यांची माफी मागितली. दुसऱ्याने विचारलं की खाकरा ठेवता का. तिसऱ्या माणसाने मला काय काय म्हटलं ते मी गुजराती नीट येत असूनही इथे लिहिणार नाही. मग हॉटेलवाल्याचा फोन आला. बिचारा रडकुंडीला आला होता. "ताई, तुमचा मासा माझ्या दारात तोंड उघडून बसलाय. बस थांबते, लोक बघतात, बस सुटते."

मी म्हटलं, बोर्ड काढू या. बाबा ऐकेनात. ते एस.टी.ने तलासरीला गेले, त्या शाकाहारी हॉटेलात बोर्डाकडे तोंड करून बसले आणि कोणीतरी ओळखेल म्हणून तीन चहा प्यायले. तिसऱ्या चहाला वेटरने ओळखलं. त्यानंतर बाबा आठवड्यातून एकदा तलासरीला जायला लागले. फ्लेक्सवालाही काम सोडायला तयार नव्हता. दर रविवारी त्याची मीटिंग असायची, बरोबर साडेबाराला. मीटिंगमध्ये तो जेवायचा आणि बाबा बघत बसायचे. काट्यांची ओळ कधी चुकली नाही.

माझी पाकिटं मात्र पलंगाखाली सरकवलेली होती. पलंगाखालची जागा संपली तेव्हा कपाटामागे गेली. मार्च गेला, एप्रिल लागला. दोन-तीनदा माझा धीर पार सुटला. मी भांडी घासता घासता रडायची आणि नवऱ्याला म्हणायची, चुकलं माझं, मी जाते परत. तो म्हणायचा, "जागा आहे ना तुझी. मग कशाला रडतेस? जूनपर्यंत बघ." आणि दुसरीकडे बघायचा. मला वाटायचं, याला माझ्या रडण्याचा कंटाळा आलाय.

अशातच एक दिवस दुपारी फोन वाजला. मी शिव्या ऐकायच्या तयारीने उचलला. पलीकडून आवाज आला, "बेन, बोर्ड बघितला." वापीचे गृहस्थ होते. "मासा फार मोठा आहे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"चहा घेत होतो. अर्धा सोडला."

मला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी मी अशी हसले की शेजारीण डोकावून गेली, आणि हसता हसता रडायला लागले. फोनवर एका परक्या माणसासमोर. ते म्हणाले, "पाच माणसं सापडली?"

मी पुढच्या बाजाराला पाकिटं नेलीच नाहीत. टोपली घेऊन बसले आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत सुटले. बायकांना आधी संशय आला, एकीला वाटलं मी सरकारी यादी करतेय. पण एकदा बोलायला लागल्या की बाया थांबत नाहीत. आणि मला दिसलं ते मी इतके दिवस समोर असून पाहिलं नव्हतं. सकाळी येणाऱ्या म्हाताऱ्या आपल्या घरासाठी घ्यायच्या, त्यांना पाकीट कधीच नको होतं. पण दुपारनंतर, हायवेच्या गाड्या सुटायच्या आधी, तरण्या बायका यायच्या. त्या गावी दोन दिवस येऊन परत उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत निघालेल्या असायच्या. तिकडे भाड्याच्या खोल्या, आणि खोलीमालक मासळी न खाणारे. एकीने सांगितलं, "मी जवळा डब्यात घालते, डबा पिशवीत, पिशवी साड्यांच्या खाली. मालकिणीला कळत नाय, पण साड्यांना कळतं." दुसरीने एकदाच बोंबील भाजला होता, तिला खोली सोडावी लागली. तिसरी तिथेच माझ्यासमोर बसून भाकरीबरोबर जवळा खाऊन घ्यायची, कारण तिकडे नेणंच नको. हातात माल घ्यायच्या, वास घ्यायच्या आणि जड मनाने परत ठेवायच्या. मी समजायची, भाव पटला नाही.

त्यांना पाकीट हवं होतं. वास बाहेर न येणारं, आणि चुलीवर न ठेवता खाता येईल असं.

मी घरी येऊन पलंगाखालच्या पाकिटांतला जवळा भाजला, लसूण-मिरची घालून सुकी चटणी कुटली, पाकिटांत भरली आणि बाबांच्या नाकाशी नेली. "वास येतो का?" बाबांनी दीर्घ श्वास घेतला. "कसला वास?" मी पाकीट फोडून पुन्हा विचारलं. "कसला वास?" नवरा, शेजारीण, शेजारणीचा नवरा, कोणालाच कसला वास येत नव्हता. अख्खा गाव जन्मापासून त्या वासात होता, आमच्यात तपासायला एक नाक उरलं नव्हतं.

मी वापीला फोन केला. ते गृहस्थ आले, फाटकाशी थांबले आणि खिशातून रुमाल काढण्याऐवजी त्यांनी हात मागे बांधले. "आणा," म्हणाले. मी पहिलं पाकीट घेऊन दारातून बाहेर पडले, तर त्यांनी फाटकावरूनच हात हलवला. नापास. दुसरं पाकीट नारळापर्यंत पोचलं. मग मी माझी नऊ वर्षं बाहेर काढली. गोळ्यांना दमट हवा लागू नये म्हणून आम्ही काय काय करायचो, कडा दोनदा कशा दाबायच्या, गरम पट्टी किती वेळ धरायची, आत दुसरी पिशवी कशी घडी घालून बसवायची. तारापूरच्या लाइनला मी इतक्या शिव्या घातल्या होत्या, पण त्या दिवशी माझे हात आपोआप चालत होते आणि मला स्वतःचाच अभिमान वाटला. ते पाकीट त्यांनी नाकाला टेकवलं. डोळे मिटले. "मला नाय कळत. पण माझी परीक्षा कच्ची. पक्की परीक्षा घरी आहे."

ते पाकीट त्यांनी स्कूटरच्या डिकीत टाकून वापीला नेलं. पहिल्या खेपेला फोन आला, "घरवालीने डिकी उघडली आणि विचारलं, आज कोणाकडे गेला होता?" मी पट्टी आणखी गरम केली. दुसऱ्या खेपेला डिकीवरून संशय घेतला गेला, पण पुरावा मिळाला नाही. तिसऱ्या खेपेला पाकीट त्यांच्या डिकीत भाजीच्या पिशवीबरोबर दोन दिवस राहिलं आणि त्या माउलीने त्याच डिकीतली कोथिंबीर काढून आमटीत घातली. "पास," ते फोनवर कुजबुजले. चटणी त्यांनी जशीच्या तशी मला परत पाठवली. ते खरंच तोंडात घालणार नव्हते.

पाकिटावर बोंबलाचं चित्र टाकू या म्हटलं तर ते म्हणाले, "नाव लिहा, पूर्ण लिहा, मोठ्या अक्षरात लिहा, खोटं नको. पण चित्र नको. चित्र लांबून वाचता येते." हा सल्ला मला आजही पटतो.

राहता राहिले बाबा. ते पाकिटं तपासायच्या दिवशी ओट्यावर बसून त्या गृहस्थांना थेपले खाताना बघत होते. एक तुकडा सांडला नाही, डब्याचं झाकण ताटली म्हणून वापरलं, शेवटचा थेपला अर्धा करून बाबांपुढे धरला. बाबांनी तो खाल्ला. रात्री जेवून हात धुतले. मग म्हणाले, "माणूस बरोबर खातो. चुकीचं खातो, पण बरोबर खातो." पुढच्या रविवारी साडेबाराला फ्लेक्सवाला आला तेव्हा बाबांनी मला वरणभात वाढायला सांगितला. त्याने एकदाच घेतला. त्याच्या पुढच्या रविवारी त्याला बोईसरला मीटिंग निघाली, आणि मग निघतच राहिल्या. बोर्ड बाबांनी स्वतः उतरवून आणला आणि मागच्या अंगणात सुकवणीवर झाकायला घेतला. बाबा वर, बोंबील खाली, हे मात्र त्यांनी झाकतानाही सांभाळलं.

आगोटीचे चार बाजार मी टोपलीवाल्यांच्या रांगेत बसलेच नाही. वापीकरांच्या सांगण्यावरून हायवेच्या गाड्या सुटतात तिथे उभी राहिले, दुपारनंतर. पहिल्या दिवशी साड्यांखाली डबा लपवणारी आली. तिने पाकीट नाकाशी नेलं, परत नेलं, आणि माझ्याकडे असं बघितलं की मला भरून आलं. तिने सहा घेतली. पुढच्या बाजाराला तिच्या कारखान्यातल्या आठजणींसाठी मिळून घेतली. मेच्या अखेरीस पलंगाखाली केरसुणी पार भिंतीपर्यंत जायला लागली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी तारापूरला गेले. चांगली साडी नेसले होते. सुपरवायझरने सात महिने माझी जागा राखली होती, तर समोर जाऊन नाही म्हणणं हे माझं काम होतं. त्यांच्यासाठी दोन पाकिटंही नेली. मी म्हटलं, "साहेब, जागा ठेवलीत त्याबद्दल आभार. पण मी आता परत येत नाही."

ते गोंधळले. "कुठली जागा?"

"माझी. लाइनवरची. जूनपर्यंत ठेवली होती ना?"

"ताई, तुमच्या जागेवर दुसऱ्याच आठवड्यात बाई आली. इथे कोणाची जागा ठेवतात का?" मग त्यांना आठवलं. "हां, दिवाळीनंतर तुमचे मिस्टर आले होते विचारायला. मी तेव्हाच त्यांना नाही म्हणून सांगितलं होतं."

मी पाकिटं टेबलावर ठेवली आणि बाहेर आले. बसमध्ये मला इतका राग आला की माझा थांबा मागे गेला. संध्याकाळी नवरा कामावरून आला, पाय धुतले, पाट घेतला. मी ताट वाढून समोर उभी राहिले.

"सुपरवायझर नाही म्हणाला होता?"

त्याने घास खाली ठेवला. "नाय म्हणालेला."

"मग मला हो का सांगितलंत?"

"नाय सांगितलं असतं तर तू सोडली असतीस?"

नसती सोडली. आजपर्यंत खोकी भरत उभी असते. हे मला माहीत होतं म्हणून मला आणखी राग आला. "आणि पाकिटं गेली नसती तर? जूनला मला काय सांगणार होतात?"

"तेच ठरवत होतो," तो म्हणाला. "दिवाळीपासून."

मी सात महिने घाबरले, रडले, भांडले, आणि दर वेळी मागे जागा आहे म्हणून पुन्हा उभी राहिले. आणि मागे काहीच नाही हे ठाऊक असलेला माणूस माझ्याच शेजारी झोपत होता. माझ्यापेक्षा दुप्पट घाबरलेला, आणि रडायचीही सोय नसलेला. मला त्याची इतकी दया आली की मी त्याला ओरडले. म्हटलं, परत कधी असं खोटं बोलायचं असेल तर आधी मला विचारून बोला.

तो म्हणाला, "बरं," आणि जेवायला लागला.